दालचिनी कुठून आली? सोलापुरातल्या एका उलाँग-वाटपाचं प्रकरण

एप्रिलच्या अखेरीस सोलापुरातल्या सहा उलाँगप्रेमींनी मिळून चार उलाँग, म्हणजे ग्रीन टी आणि काळा चहा यांच्या मधल्या प्रकारचे चहा, मागवले, प्रत्येकी ५० ग्रॅमचं व्हॅक्यूम पाकीट. चीनच्या फूज्येन प्रांतातल्या आनशीचा, हलक्या भाजणीचा हिरवट त्येग्वानयिन. तैवानमधल्या नानतोऊ भागातल्या लुगूचा मध्यम भाजणीचा डोंगडिंग. ग्वांगडोंगच्या फंगह्वांग डोंगरावरचा मीलानश्यांग दानत्सोंग. आणि उत्तर फूज्येनच्या वूयी डोंगरातला जड भाजणीचा रोग्वेइ. यातले पहिले दोन गोळी वळलेले, तर नंतरचे दोन लांब, पीळ दिलेल्या सुट्या पानांचे. ही पानांची घडण लक्षात ठेवा, निम्मं प्रकरण तिथेच सुटतं.

वाटणी साधी होती. ५० ग्रॅमचे सहा भाग, प्रत्येकाला ८ ग्रॅम, उरलेले २ ग्रॅम पाकिटाच्या तळाशी चुरा म्हणून सोडून द्यायचे. आठ ग्रॅमचा हिशोब असा की ३ ग्रॅम मोजून कपात चाखायला आणि ५ ग्रॅम झाकणवाटीत, म्हणजे गाइवानमध्ये, एकामागून एक पाणी घालत निवांत प्यायला. राखीव नमुना कुणीच ठेवला नाही. हा पहिला दोष, आणि तो केवळ योगायोगाने निभावला: सात रस्ता भागातले सभासद पुढचे दोन आठवडे गावाला गेले होते, त्यांच्या चारही पुड्या झोपण्याच्या खोलीतल्या कपाटात, स्टीलच्या डब्यात, न उघडता पडून राहिल्या.

बाकीच्या पाच जणांनी आपापल्या घरी चाखून टिपणं लिहिली; इथे ती शहरातल्या त्यांच्या भागांच्या नावांनी ओळखू. ती एकत्र वाचल्यावर गोंधळ उडाला. अशोक चौकातून आलेलं टिपण म्हणत होतं, त्येग्वानयिनला फुलांचा वास नाही, शिजवलेल्या पालेभाजीवर फोडणी दिल्यासारखा काहीतरी वास आहे. रोग्वेइ मात्र अप्रतिम, दालचिनी अगदी स्वच्छ, दहापैकी नऊ गुण. जुळे सोलापूरकडचं मत, चारही चहा सपक आणि रंगाने काळपट. नवी पेठेत गोळीचे दोन्ही चहा आवडले, पण दानत्सोंग आणि रोग्वेइ कडूजहर. विजापूर रोडला नेमकं उलट: लांब पानांचे चहा झकास, गोळीच्या दोन्हींना चवच नाही. होटगी रोडला सगळं छान.

विक्रेत्याने मिसळलेला किंवा जुना माल पाठवला, असा निष्कर्ष त्याच संध्याकाळी निघाला आणि तक्रारीचा मजकूरही तयार झाला. तो एका रविवारपुरता थांबवला, हे बरं झालं. प्रत्येक चहा एकाच पाकिटातून निघालेला आहे. माल जुना असता तर तो होटगी रोडलाही जुनाच लागला असता. पाच घरी पाच तऱ्हा लागतात, तेव्हा संशय आधी वाटणीवर, पुड्यांवर आणि पाण्यावर घ्यायचा. जीभ आणि माल यांची पाळी त्यानंतर.

टिपणं आडवी वाचायची

अशा वेळी गुणांची सरासरी काढणं हा सगळ्यात निरुपयोगी उद्योग. त्याऐवजी कागदावर आडव्या ओळीत माणसं आणि उभ्या रकान्यांत चहा मांडायचे आणि तक्रार कोणत्या आकारात पडते ते पाहायचं. एका माणसाची सगळ्या चहांबद्दल एकच तक्रार असेल तर ती पाण्याची, भांड्याची किंवा खोलीची. तक्रार पानाच्या घडणीप्रमाणे विभागली गेली, म्हणजे गोळीचे एकीकडे आणि लांब पानांचे दुसरीकडे, तर ती मापाची, तापमानाची किंवा चुऱ्याची. आणि भाजणीप्रमाणे विभागली गेली, हलक्या भाजणीचा बिघडलेला आणि जड भाजणीचा चांगला, तर बाहेरचा वास शिरलेला असण्याची शक्यता सर्वांत मोठी. कारण जड भाजणी पुष्कळ पापं झाकते.

या प्रकरणात तिन्ही आकार एकाच कागदावर उमटले होते, म्हणून तो एकच मोठा गोंधळ वाटला. प्रत्यक्षात ती चार वेगळी प्रकरणं होती.

वाटणीच्या दिवशी काय झालं

वाटणी दुपारी तीन वाजता झाली, बाहेर चाळीसच्या वर पारा, डोक्यावर पंखा. स्वयंपाकघरातला काटा १ ग्रॅमपर्यंतच दाखवणारा. पिठाला तो पुरतो. इथे ८ चा आकडा दिसला तरी खरं वजन साडेसात ते साडेआठच्या मध्ये कुठेही असू शकतं. त्याच काट्यावर घरी ३ ग्रॅम मोजले की चूक अर्ध्या ग्रॅमची, म्हणजे सहाव्या हिश्श्याची. शिवाय पंख्याचा वारा पारड्यावर पडला की आकडा हलतो. नंतर सराफी पद्धतीच्या, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या छोट्या काट्यावर सात रस्त्याच्या न उघडलेल्या पुड्या मोजल्या (रिकाम्या पुडीचं वजन वजा करून), तर त्येग्वानयिन ८.४ आणि दानत्सोंग ७.६ भरला.

वजनापेक्षा मोठी चूक चमच्याची. पाकीट उभं धरून वरून चमच्याने एकेक पुडी भरली गेली. गोळीच्या चहाला त्याने फरक पडत नाही, गोळ्या सारख्याच असतात. लांब पानांचा चहा मात्र प्रवासात मोडतो आणि मोडलेलं सगळं तळाशी बसतं. पहिल्या पुडीत अख्खी पानं गेली, सहाव्या पुडीत चुरा. नवी पेठेची पुडी सहावी होती.

पडताळा घ्यायला चहा उकळायचीही गरज पडली नाही. नवी पेठेतला उरलेला दानत्सोंग आणि सात रस्त्याचा दानत्सोंग (तो दुसरा भरला होता) रव्याच्या चाळणीतून हलक्या हाताने चाळून पाहिले. सात रस्त्याच्या पुडीतून चिमूटभर पडलं. नवी पेठेच्या पुडीचा जवळजवळ तिसरा हिस्सा चाळणीखाली गेला. चुऱ्याचं पृष्ठ जास्त, त्यामुळे कडू-तुरट द्रव्यं पहिल्या अर्ध्या मिनिटातच पाण्यात उतरतात, आणि दानत्सोंग मुळातच तिखट स्वभावाचा, वेळ जरा चुकली की अंगावर येणारा. नवी पेठेच्या जिभेचा काहीच दोष नव्हता.

विजापूर रोडचं पाणी ऐंशी अंशांवर

हे प्रकरण चटकन मिटलं. "हिरवट चहाला ८० अंश" हा ग्रीन टीचा नियम तिथे उलाँगलाही लावला होता, आणि दोन मिनिटांत पाणी गाळलं होतं. घट्ट वळलेली गोळी त्या पाण्यात उमलतच नाही. भांड्यात पाहिलं तर गोळ्या अर्ध्यामुर्ध्या मिटलेल्याच होत्या. सुटी पानं त्याच पाण्यातही बऱ्यापैकी उतरली, म्हणून ती "झकास". सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपास उकळतं. उलाँगला ते निवायची वाट पाहू नका, खळखळलं की थेट ओता.

जुळे सोलापूरचं बोअर

चारही चहा सपक, रंग काळपट, आणि टिपणात एक ओळ सहज लिहिलेली: "वर तवंग येतो." तवंगाचं नाव निघालं की पाणी तपासायचं. आपल्याकडच्या काळ्या पाषाणातून आलेलं बोअरचं पाणी जड असतं. त्यातला कॅल्शियम आणि बायकार्बोनेट चहातल्या द्रव्यांशी मिळून वर साय धरतात. बायकार्बोनेट चहातली सौम्य आंबट धारही मारून टाकतं, आणि ती गेली की फुलांचा वास असूनही कळत नाही. दूध-साखरेच्या चहात हे सगळं लपतं, त्यामुळे त्याच पाण्यावर वर्षानुवर्षं उत्तम चहा होत आलेला असतो आणि पाण्याचा संशय कुणाला येत नाही.

चाचणी डोंगडिंगवर घेतली, सात रस्त्याच्या पुडीतला प्रत्येकी २ ग्रॅम, १०० मिली पाणी, ६ मिनिटं. हे प्रमाण आणि ही वेळ आयएसओ ३१०३ या चहा चाखण्याच्या मानकातली आहे. चहा चविष्ट व्हावा म्हणून ती ठरवलेली नाही, दोष उघडे पडावेत म्हणून ठरवली आहे. तीन सारखे चिनीमातीचे कप, तीन पाणी. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आरओचं पाणी ४०, नळाचं उजनीचं पाणी ३२०, बोअरचं ९८० दाखवत होतं. बोअरचा कप दोन मिनिटांतच इतर दोघांपेक्षा गडद झाला, सहा मिनिटांनी त्यावर फुटक्या आरशासारखी साय होती आणि चव ओल्या पुठ्ठ्याची. नळाच्या पाण्यात भाजणी कळत होती, वास दबलेला. आरओच्या पाण्यात वास मोकळा, पण अंग पातळ. घोट गेला की मागे काही राहत नव्हतं.

मग चार वाट्या आरओ आणि एक वाटी नळाचं, अशी भेळ केली. हिशोब सोपा: चार गुणिले ४० अधिक ३२०, भागिले पाच, म्हणजे ९६. या पाण्यात डोंगडिंगचा भाजलेल्या हुरड्यासारखा गोडसर वास आणि घोटानंतर घशातून परत येणारा गोडवा, चिनी लोक ज्याला हुइगान म्हणतात तो, दोन्ही मिळाले. ५० ते १०० च्या दरम्यान कुठेही राहिलं तरी चालतं. टीडीएस मीटर पाण्यातले एकूण क्षार दाखवतो, जडपणा वेगळा काढून दाखवत नाही. तेव्हा आकड्यापेक्षा किटलीकडे जास्त लक्ष द्यावं. महिन्याभरात आत पांढरा थर धरला की पाणी बदला. होटगी रोडला "सगळं छान" का होतं तेही इथे कळलं: तिथल्या आरओ यंत्रात क्षार पुन्हा थोडे मिसळायची सोय होती आणि पाणी ८५ वर येत होतं.

ज्यांच्याकडे आरओ नाही त्यांनी नळाचं पाणी पाच-सात मिनिटं उकळून, झाकून थंड करावं आणि तळचा गाळ न हलवता वरचं पाणी वापरावं. जडपणा पूर्ण जात नाही, पण बराच उतरतो. नळ काही दिवसांआड येत असल्यामुळे साठवण होतेच. तर चहापुरतं पाणी स्टीलच्या हंड्यात ठेवा. उन्हाळ्यात आणलेल्या नव्या माठातलं नको, मातकट वास हलक्या उलाँगमध्ये सरळ उतरतो. आणि बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी वापरण्याची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर तिथेच थांबवा. ते पिण्यासाठी बनवलेलं नसतं.

आता दालचिनी

उरला अशोक चौक. त्येग्वानयिन बिघडलेला, डोंगडिंग "बरा", रोग्वेइ सर्वोत्तम: भाजणीप्रमाणे पडलेली तक्रार. अडचण अशी की रोग्वेइ या शब्दाचा अर्थच दालचिनी, आणि चांगल्या रोग्वेइत तसला उष्ण मसालेदार वास खरोखर असतो. म्हणजे त्या टिपणात दोष आणि गुण एकाच वासाचे असू शकत होते. त्येग्वानयिनमध्ये तो वास परका वाटला म्हणून तक्रार झाली. रोग्वेइमध्ये नावाला शोभला म्हणून नऊ गुण मिळाले.

पुड्या किराणा दुकानात मिळतात तसल्या पातळ पॉलिथिनच्या होत्या. हे प्लॅस्टिक ओल बऱ्यापैकी अडवतं, वास आणि हवा मात्र अडवत नाही. आणि दिवस मे महिन्याचे: कांडपावरून नुकताच आणलेला वर्षाचा काळा मसाला, खोबरं, दगडफूल, लवंग, दालचिनी, सगळं अशोक चौकातल्या त्याच फडताळात, जिथे चहाच्या पुड्या होत्या.

"अहो काका, मसाला बरणीत घट्ट बंद असतोय की!" असं त्यावर अशोक चौकातल्या ताईंचं उत्तर आलं.

"बरणी बंद आहे हो ताई, पण ती भरताना फडताळाला जो वास लागला, तो कुठं जाईल?"

वादाऐवजी त्रिकोणी चाचणी घेतली. हिची पद्धत नीट सांगण्यासारखी आहे, कारण थोड्या चहात ती बसवता येते. प्रत्येक चाखणाऱ्यापुढे तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कोणता तेवढंच सांगायचं. आवड-नावड विचारायची नाही. सात रस्त्याचा त्येग्वानयिन ३ ग्रॅम आणि अशोक चौकाचा ३ ग्रॅम, दोन सारख्या भांड्यांत १५० मिली पाण्यात ६ मिनिटं. पानं दहा-बारा मिली पाणी पितात, हाती सुमारे १३८ मिली येतं. पहिल्याला क आणि दुसऱ्याला ख म्हटलं तर सहा जणांना सहा वेगळे क्रम द्यायचे: क-क-ख, क-ख-क, ख-क-क, ख-ख-क, ख-क-ख, क-ख-ख. मोजून पाहा, दोन्हींचे नऊ-नऊ पेले होतात. प्रत्येकी १५ मिली म्हणजे १३५. जेमतेम पुरतं. ओतणारा माणूस चाखणाऱ्यांपैकी नसावा. इथे घरातल्या, चहा न पिणाऱ्या एकाने हे काम केलं आणि पेल्यांखाली तीन आकडी अंक चिकटवले. क, ख अशी अक्षरं चाखणाऱ्याला दिसू द्यायची नाहीत, पहिलं अक्षर नकळत चांगलं वाटतं.

डोळे मिटून बोट ठेवलं तरी तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून निकालाची रेघ आधी आखावी. सहापैकी पाच किंवा सहा जण निव्वळ नशिबाने बरोबर येण्याची शक्यता ७२९ पैकी १३, म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. चार किंवा अधिक जणांसाठी तीच ७२९ पैकी ७३, दहा टक्के. तेव्हा पाच बरोबर असतील तरच फरक आहे असं धरायचं.

त्येग्वानयिनला सहाही जणांनी वेगळा पेला ओळखला. त्यात अशोक चौकाच्या ताईही होत्या. रोग्वेइवर तीच चाचणी, फक्त पानं लांब असल्याने ५ मिनिटांची, घेतली तेव्हा चारच जण बरोबर आले. म्हणजे रोग्वेइत मसाला शिरलाच नाही असंही म्हणता येईना, शिरला असंही नाही. नऊ गुण त्यामुळे खोडले, शून्य मात्र दिलं नाही; रकाना रिकामा ठेवला. हौशी मंडळींना हे जड जातं. रिकामा रकाना दिसला की कुणीतरी मधला आकडा सुचवतोच.

या चाचणीआधी खोलीही साफ करावी लागली, आणि ते काम वाटलं त्यापेक्षा लांबलं. कूलरला वाळ्याची ताटी होती. कूलर बंद करून खिडक्या उघडल्या, म्हणून वेळ सकाळी साडेसहाची धरली. कुणाच्या केसांत मोगऱ्याचा गजरा होता, तो बाहेरच्या खोलीत गेला. आदल्या रात्री शेंगाचटणी चालते, चाखण्याआधी दोन तासांत नाही. तिखट-लसणाने जीभ बधिर होते. दोन चहांच्या मध्ये बिनमिठाच्या ज्वारीच्या लाह्या आणि घोटभर पाणी. स्टीलचे पेले ओठ भाजतात म्हणून काचेचे घेतले. आणि गाळणी नवी: रोजच्या चहाच्या गाळणीत आलं-वेलदोडा इतका मुरलेला असतो की नुसतं गरम पाणी त्यातून गाळून हुंगलं तरी कळतं.

पुढच्या पाकिटाची वाटणी

विक्रेत्याकडची तक्रार अर्थातच गेली नाही. वाटपाची रीत बदलली ती अशी.

वाटणी सकाळी, पंखा बंद, हात कोरडे आणि बिनवासाचे. पाकीट फ्रिजमध्ये ठेवलेलं असेल तर आदल्या रात्रीच बाहेर काढायचं आणि न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. जूननंतर दमट हवेत थंड पाकीट उघडलं की पानांवर लगेच दव धरतं. लांब पानांचा चहा चमच्याने काढायचा नाही. पाकीट आडवं कापून सगळा चहा बटर पेपरवर पसरायचा, पट्टीने चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन एकत्र करून पुन्हा पसरायचे. असं दोनदा झालं की चुरा सगळीकडे सारखा जातो. मग प्रत्येक पुडीसाठी चारही कोपऱ्यांतून थोडं थोडं उचलायचं. सहा जण असतील तर ५० ग्रॅमचे सात भाग, प्रत्येकी ७ ग्रॅम. सातवा राखीव, तो कुणाच्याही स्वयंपाकघरात जात नाही. एक ग्रॅम चुऱ्यात जातो, त्याचं दुःख करायचं नाही.

पुड्या आतून ॲल्युमिनियमचा थर असलेल्या. तोंड बंद करायला कपड्यांची इस्त्री पुरते: मध्यम उष्णता, मध्ये पातळ सुती कापड, तीन-चार सेकंद दाब. आधी रिकामी पुडी हवा भरून बंद करायची आणि पाण्यात बुडवून दाबायची, बुडबुडे आले तर उष्णता कमी पडली. चहा भरल्यावर हवा जमेल तेवढी दाबून काढायची. गोळीच्या चहाला जोर चालतो, दानत्सोंगला नाही, तो तिथेच चुरा होतो. पुडीवर चहाचं नाव, हंगाम, भाजणी, पाकीट उघडल्याची तारीख, वजन आणि भरण्याचा क्रमांक. हा शेवटचा क्रमांक लोकांना फालतू वाटतो, पण नवी पेठेच्या कडूपणाचं कोडं त्याच्यामुळेच सुटलं. "माझी शेवटची होती" हे सुदैवाने आठवत होतं म्हणून.

हलक्या भाजणीचे नमुने दोन-तीन आठवड्यांत संपवायचे, जड भाजणीचे मागे राहिले तरी चालतात. आणि टिपणाच्या वर चार गोष्टी लिहिल्याशिवाय टिपण धरलंच जात नाही: किती ग्रॅम, किती मिली, किती मिनिटं, कुठलं पाणी.

रोग्वेइचं नवं पाकीट पावसाळ्यानंतर उघडायचं ठरलं आहे. दालचिनीच्या रकान्यात तोवर काही लिहिलेलं नाही.